ट्यूबचं जाकीट

मी एका हॉस्पिटलच्या चौकशीच्या खिडकीत बसते. दिवसभर लोक मला रस्ता विचारतात आणि सांगितला की बरोबर उलट दिशेला चालू लागतात. त्यामुळे माझा स्वभाव तिखट झाला, असं माझी थोरली बहीण म्हणते. तसं काही नाही, तो पहिल्यापासूनच तिखट आहे. मी एकटी राहते, माझ्या दोन खोल्या आहेत, आणि माझ्या अंगाचा घेर असा आहे की तयार कपड्यांच्या दुकानातल्या मुली मला दारातच बघून "मोठ्या मापात नाही आलं हो" म्हणून मोकळ्या होतात. हे सगळं आधीच सांगून टाकते, कारण माझं तोंड, माझ्या खोल्या आणि माझा घेर, तिन्ही गोष्टी माझ्या भाचीने पुरेपूर वापरून घेतल्या.

भाची म्हणजे त्या थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. माझ्याकडे राहून फॅशनचं शिकते. घरात तिला सगळे पाचर म्हणतात. चार वर्षांची असताना तिच्या फ्रॉकचं बटण कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत पडलं. ते काढायला ही आत शिरली आणि अडकली. तिचा बाप आणि शेजारी मिळून कपाट ओढायला लागले, तर ही आतून ओरडते, "थांबा! बटण अजून सापडलं नाही!" तेव्हापासून ती पाचर. एकदा ठोकली गेली की निघत नाही. दिसायला चिपाड, बोलायला मवाळ, पण हट्टाला पेटली की समोरच्याने आपलं सामान आवरून घ्यावं.

आता तिच्या परीक्षेचं सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. तिच्या संस्थेत दुसऱ्या वर्षाला एक विषय असतो. कापड सोडून कशापासूनही कपडा बनवायचा आणि माणसाच्या अंगावर घालून दाखवायचा. माणूस घरचंच हवं, काडीसारखी मॉडेल चालत नाही. त्या माणसाने तो कपडा घालून खुर्चीत बसायचं, हात वर करायचे, जिना चढायचा. इथपर्यंत बहुतेक जण निभावून नेतात. मग बाहेरून आलेल्या परीक्षक बाई उठतात, कपड्याभोवती एक फेरी मारतात आणि म्हणतात, "इथे सैल कर," किंवा "हे आखूड कर." तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, अर्ध्या तासात. त्यांचं म्हणणं असं की जो कपडा बदलता येत नाही तो कपडाच नव्हे, तो देखावा. म्हणणं बरोबर असेल, पण त्या अर्ध्या तासात भलीभली मुलं ढसाढसा रडतात.

गेल्या वर्षी पाचर तिथेच आपटली. जुन्या नकाशांच्या कागदाचा झगा केला होता, दिसायला फार देखणा. परीक्षक बाईंनी कंबर दोन बोटं सैल करायला सांगितली. हिने टाका उसवला, कागद टर्रकन फाटला आणि एक अख्खा देश शेजारच्या समुद्रात गेला. वर्ष वाया. या विषयाला संधी दोनच, दुसऱ्यांदा नापास झालं की संस्थेतली जागा जाते. यंदाची ही दुसरी संधी होती.

तिच्या वडिलांचं, म्हणजे माझ्या भावोजींचं, रंगाचं दुकान आहे. भिंतीला लावायचा रंग. ते फोनवर म्हणाले, "यंदा बघू काय होतं. नाही जमलं तर ये परत आणि दुकानात बस. रंगांचंच काम आहे, तुला आवडेल." आवडेल, म्हणे! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाचर मात्र "बरं" म्हणाली, फोन ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, यंदा फाटणार नाही असं काहीतरी शोधते."

ते फाटणार नाही असं काहीतरी आमच्याच गल्लीच्या तोंडाशी निघालं. तिथे एक सायकल दुरुस्त करणारा बसतो. बडबड्या माणूस, जगातलं सगळं पंक्चर काढता येतं अशी त्याची ठाम समजूत आहे. त्याच्याकडे बाद झालेल्या ट्यूबांचा ढीग पडलेला असतो. पाचरीने मागितल्या, त्याने पोतं भरून दिल्या. वर म्हणाला, "ताई, सायकल किती मोठी आहे तुमची?" तिने माझ्याकडे बोट दाखवलं. त्या माणसाशी मी त्यानंतर आठवडाभर बोलले नाही.

ट्यूबा धुण्याचा सोहळा माझ्या मोरीत झाला. बाहेरून धूळ आणि आतून पांढरी भुकटी. साबणाचं पाणी काळं होई, ते ओतलं की नवं पाणीही काळं होई. बादलीला काळी कड बसली ती अजून निघालेली नाही. ट्यूबा धुऊन दोरीवर टाकल्या की खालच्या मजल्यावरची बाई विचारी, "काय हो, साप पाळलेत का?" मग पाचर एकेक ट्यूब उभी चिरायची, जमिनीवर पसरून वर जड डबे ठेवायची, म्हणजे ती सपाट होई. घरभर रबराचा वास. माझ्या साखरेलासुद्धा.

पुढे मापं घेणं. मला ते आवडत नाही आणि मी ते लपवत नाही. टेप माझ्याभोवती फिरला तेव्हा मी विचारलं, "संपला का गं?"

"नाही, अजून आहे."

"खोटं बोलू नकोस. दोन्ही टोकं भेटली का ते सांग."

"भेटली. गप्पा मारतायत," ती म्हणाली आणि आकडा लिहून घेतला. तोंडातून एकही "अरे बापरे" नाही. आजवर माझं माप घेताना ज्याचा चेहरा बदलला नाही असा तिच्याशिवाय मला कोणी भेटलेला नाही, हे मी तेव्हा बोलले नाही, पण मनात नोंदवलं.

तिने आराखडा काढला होता तो उभ्या कॉलरच्या, अंगाबरोबर बसणाऱ्या जाकिटाचा. चिरलेल्या ट्यूबांच्या पट्ट्या उभ्या लावायच्या आणि मशीनवर एकमेकींना जोडायच्या. संस्थेतल्या मॅडमनी आराखडा मंजूर केला. रबर मशीनखाली सरकेना, तर तिने खाली कागद घातला. शिवून झाल्यावर तो चिमट्याने वेचून काढायचा. सुया मोडल्या. त्या मोडलेल्या सुयांची टोकं मी माझ्या तळपायाने शोधून दिली. टाका मात्र ती अगदी बारीक घालत होती, मुंगीच्या पावलासारखा. बारीक टाका तेवढी शिवण पक्की, हे त्यांना पहिल्याच दिवशी शिकवतात म्हणे, आणि नकाशाच्या झग्यानंतर तिला पक्कंच हवं होतं.

परीक्षेला आठवडा असताना एका रविवारी सकाळी जाकीट पुरं झालं. मी ते अंगात घातलं. खोटं कशाला बोलू, आरशात बघून मी मान ताठ केली. काळंभोर, मंद चमकणारं, खांद्यावर बरोबर बसलेलं. मी म्हणजे कुठल्याशा मोठ्या जहाजाची कप्तान दिसत होते. पाचर माझ्याभोवती फिरली, पाठीमागून दोन्ही हातांनी खांदे चाचपले आणि म्हणाली, "हात वर कर."

मी हात वर केला आणि काखेपासून कमरेपर्यंत जाकीट उघडलं. आवाजसुद्धा मोठा झाला नाही. पोस्टाची तिकिटं ओळीने वेगळी करावीत तसं, टाक्यांच्या रेघेवरून, सरळ.

मी तशीच हात वर करून उभी. पाचर जवळ आली, फाटलेली कड बघितली. मग दुसरी शिवण दोन्ही हातांत धरून ओढली. ती गेली. तिसरी ओढली. तीही गेली. माझ्या अंगावरच तिने स्वतःचं महिनाभराचं काम एकेक शिवण करून फाडून बघितलं, एकही सोडली नाही. मी म्हणत होते, "अगं, पुरे आता," पण पालथ्या घड्यावर पाणी.

"कापडात सुई धाग्यांच्या मधून जाते, धागे बाजूला होतात," ती जमिनीवर बसून म्हणाली. "रबरात बाजूला व्हायला काही नाही. सुई भोक पाडते आणि ते भोक राहतं. मी जितका बारीक टाका घातला तितकी भोकं जवळ आली. शिवत नव्हते मी, मावशी. फाडायची खूण करत होते."

मग तिने मोठा टाका घालून बघितला. तो ओढला की भोकं लांबट होऊन दोरा सुटा व्हायचा. आणि टाका उसवला तर भोकांची रांग तशीच दिसायची. म्हणजे परीक्षक बाईंनी एक बोट जरी सैल करायला सांगितलं, तरी गेल्या वर्षीचाच तमाशा.

संध्याकाळी ती सायकलवाल्याकडे गेली. त्याला हा आपला मान वाटला. "शिवता कशाला? सोल्यूशन लावा, चिकटवा. माझं पंक्चर ट्यूबच्या आधी निघत नाही!" त्याने डबी दिली. तिने कडा घासल्या, लावलं, वाळू दिलं, दाबलं. सपाट जागी ते खरंच पक्कं बसलं. पण काखेत, जिथे रबर ओढलं जातं आणि वळतंही, तिथे कोपऱ्यापासून सोलून निघालं. आणि जिथे पक्कं बसलं होतं, तिथे उघडू गेलं तर रबरच फाटायचं. तिने परत जाऊन त्याला विचारलं, "हे उघडायचं कसं?"

"उघडायचं?" तो इतका दुखावला की हातातला पाना खाली ठेवला. "माझ्याकडे लोक बंद करून घ्यायला येतात, ताई. उघडून द्या म्हणून आजवर कोणी आलं नाही."

घरी आल्यावर मी माझं ज्ञान पाजळलं. म्हटलं, सोड ते रबर. प्लास्टिकच्या दोऱ्या घे, पुठ्ठा घे, काहीही घे, सहा दिवस आहेत. ती ऐकत होती की नाही देव जाणे. तिने पोत्यातून एक न चिरलेली, अख्खी ट्यूब काढली, मोठी कात्री घेतली आणि काकडी चिरावी तशी आडवी कापायला लागली. कचाकच. बोटभर रुंदीचे तुकडे जमिनीवर पडायला लागले. मला वाटलं, डोकं फिरलं पोरीचं. मी ओरडले, "राग माझ्या फरशीवर कशाला काढतेस?"

"राग नाही गं. हे बघ." तिने एक तुकडा उचलून माझ्या मनगटात घातला. कडं होतं ते. अख्खं, गोल, कुठेही जोड नाही. "ट्यूब मुळात बंदच असते. मी आधी ती उभी चिरून उघडली आणि मग ती शिवून बंद करायला बसले. महिनाभर!"

काखेत कळसा नि गावाला वळसा, मी म्हटलं. तिला ते ऐकायलाही वेळ नव्हता. तिने एक कडं दुसऱ्यातून ओवलं, दुमडलं, त्याचे दोन कान वर आले, त्या दोन्ही कानांतून तिसरं ओवलं. सुई नाही, डिंक नाही. हातभर साखळी झाल्यावर एक टोक माझ्या हातात दिलं. "ओढ." मी ओढलं. "जोरात ओढ, मावशी, चौकशीला आलेला माणूस समज." मी सगळा जीव लावून ओढलं, तिने तिकडून ओढलं, तिच्या हातून टोक सुटलं आणि मी पलंगाच्या कडेला आदळून जमिनीवर बसले. कंबर दोन दिवस दुखत होती. साखळीला ओरखडा नव्हता.

पण आराखडा मंजूर झाला होता तो शिवलेल्या जाकिटाचा. दुसऱ्या दिवशी ती मॅडमना भेटायला गेली. कपडा घालणारं माणूस म्हणून मीही ड्युटी संपवून तिच्याबरोबर गेले. मॅडम वाईट बाई नव्हेत, पण आराखड्याच्या बाहेर पाऊल टाकणाऱ्या नव्हेत. त्यांनी साखळी हातात घेतली, ताणली, पुन्हा ताणली.

"यात शिवण कुठे आहे?"

"नाहीये, मॅडम."

"मग शिवणीचे गुण नाहीत. परीक्षक शून्यच देतील. शंभरातले वीस तिथेच गेले."

"उरलेल्या ऐंशीत पास होता येतं ना?"

मॅडमनी चष्मा काढला. "येतं. पण मग चुकायला कुठे जागा नाही. जुनंच जाकीट मोठ्या टाक्याने शिवलंस, तर शिवणीचे थोडे मिळतील. विचार कर."

"केला," पाचर म्हणाली. "ते बदलायला सांगितलं तर फाटेल. हे फाटणार नाही."

मला तिथे बोलायचं होतं. कोणी वीस गुण असे सोडून देतं का, हे विचारायचं होतं. पण पाचरीच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि माझे शब्द माझ्याजवळच राहिले. ती घाबरलेली होती. घाबरूनही तिथून हलत नव्हती. मला त्या क्षणी तिचा इतका अभिमान वाटला की मी पर्समध्ये उगाच किल्ली शोधत बसले.

पुढचे दिवस आमच्या घरात कड्यांशिवाय काही नव्हतं. कापायचं काम माझ्याकडे होतं. माझी कडी कधी जाड, कधी बारीक, कधी तिरकी. तिने तक्रार केली नाही. बारीक निघालेली गळ्याला वापरली, जाड कमरेला, तिरकी पाठीवर. "पाठीमागचं तुला दिसणार नाही," म्हणाली. मी हॉस्पिटलात पिशवीभर कडी घेऊन जाई आणि खिडकीच्या आत ओवत बसे. एक गृहस्थ एक्स-रे कुठे काढतात ते विचारायला आले आणि हे काय आहे ते विचारून, एक्स-रे न काढताच गेले. पाचरीच्या दोन्ही अंगठ्यांना फोड आले, फुटले, त्यावर पट्ट्या आल्या. पट्ट्या रबराला चिकटायला लागल्या तशा तिने त्या काढून फेकल्या. मी कात्री लपवून ठेवली, एक दिवस विसावा घे म्हटलं. तिने माझी भाजी चिरायची सुरी घेतली. मग मी मुकाट्याने कात्री परत दिली.

हे नवं जाकीट पहिल्यासारखं कप्तानाचं नव्हतं. ते जाळीचं होतं, शेजारशेजारच्या साखळ्या मधेमधे एकमेकींत ओवून केलेलं. आत मी पांढरा सदरा घालायचा आणि वरून ही काळी जाळी. श्वास घेतला की तीही घेई. हात वर केले, वाकले, पलंगाखालची चप्पल काढली, कुठे ओढ नाही. सगळ्या ओळी कमरेपासून वर चढत गळ्याशी संपत होत्या, आणि तिथे एक लांब रबरी पट्टी सगळ्यांच्या कानांतून ओवून गाठ मारलेली. त्या पट्टीवर सगळं जाकीट तोललेलं होतं. "ही सोडली तर?" मी विचारलं. "तर कान सुटतील आणि ओळ वरून खाली उसवत जाईल," ती म्हणाली. "पण गळ्याला कोणी हात लावत नाही. सैल करायला सांगतात ते कमरेला नाहीतर काखेत. तिथलं मी करून बघितलंय."

परीक्षेच्या दालनात खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. कुणाच्या आत्याच्या अंगावर चमच्यांचा झगा होता, ती चालली की स्वयंपाकघर चालल्यासारखं वाटे. कुणाचे आजोबा बाटल्यांच्या बुचांचं जाकीट घालून घामाघूम झाले होते. आमची पाळी आली. मी बसले, उठले, हात वर केले, जिना चढले, उतरले. जिन्यात मला धाप लागली, पण तो दोष जाकिटाचा नव्हता.

परीक्षक बाई आखूड केसांच्या, कमी बोलणाऱ्या. माझ्याभोवती एक फेरी. कमरेशी थांबल्या. काखेशी थांबल्या. मग समोर आल्या आणि माझ्या गळ्याखाली चार बोटं ठेवली.

"गळा इतका खाली घे. अर्धा तास. कपडा घातलेल्या बाईंनी हात लावायचा नाही."

पाचरीचा चेहरा पांढरा पडला, क्षणभरच. मग तिने गाठ सोडली आणि पट्टी बाहेर ओढली.

पहिल्या दोन ओळी तिने नीट धरल्या. तिसरीचा कान निसटला. मला ते दिसण्याआधी जाणवलं. टप, टप, टप, एकेक कडं सुटत ओळ छातीवरून खाली धावायला लागली. माझ्या हाताच्या अंतरावर, माझ्याच अंगावर. तळहात ठेवला असता तरी थांबली असती. मी दोन्ही मुठी आवळल्या आणि मागे नेल्या. जन्मात पहिल्यांदा मी तोंड आणि हात दोन्ही बंद ठेवून उभी होते. माझ्या डोक्यात एकच होतं, पोरीची जागा चालली, माझ्या पोटावरून खाली चालली.

पाचरीने केसांत खोचलेली पेन्सिल उपसली. गुडघ्यावर बसली. ओळ बेंबीपर्यंत आली होती, तिथे सुटू घातलेल्या कड्याच्या कानात तिने पेन्सिल घातली आणि ओळ थांबली. मग मान वर न करता म्हणाली, "कोणाकडे पेन्सिली आहेत का?"

मग चमच्यांच्या झग्यावाल्या मुलीने आपली पुढे केली. मागून आणखी आल्या. मॅडमनी परीक्षक बाईंकडे पाहिलं. "हत्यार मागून घ्यायला हरकत नाही," परीक्षक बाई म्हणाल्या. पाचरीने गळ्याच्या चार बोटं खाली, उरलेल्या एकेका ओळीच्या कानांत पेन्सिल अडकवली. माझा गळा म्हणजे कंपासपेटी झाला. सगळं अडकून पक्कं झाल्यावर ती खाली सुटलेल्या ओळीकडे वळली आणि बेंबीपासून एकेक कडं ओवत वर चढली. तिचा फुटलेला अंगठा पुन्हा उघडला होता. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपके पडत गेले आणि ती ते बघत नव्हती. ती ओळ नव्या गळ्याशी पोचली तशी तिने सगळ्या ओळींची वरची कडी काढली, पट्टी पुन्हा ओवली, गाठ मारली, पेन्सिली उपसल्या. वेळ संपायला थोडा अवकाश होता. ती उठली आणि म्हणाली, "झालं."

परीक्षक बाईंनी नवा गळा दोन बोटांत धरून चांगला ओढला आणि सोडून दिला. तो फाडकन माझ्या छातीवर बसला. "आई गं!" मी म्हटलं. त्या दिवशीचं माझं भाषण एवढंच.

"शिवणीला शून्य," त्या लिहिता लिहिता म्हणाल्या.

"माहीत आहे," पाचर म्हणाली.

निकाल लागला तेव्हा ती पास होती, काठावर. दोन गुण इकडेतिकडे झाले असते तर गेली असती. मी फलकासमोर उभं राहून त्या शून्याला जे बोलायचं ते बोलून घेतलं. शिपाई येऊन विचारून गेला, काही हवंय का. पाचर नुसती हसत होती आणि मधेच डोळे पुसत होती.

घरी आल्याबरोबर मी भावोजींना फोन लावला. वाक्य कधीचं घोटून ठेवलं होतं. म्हटलं, "पास झाली हो तुमची मुलगी. दुकानात बसायला दुसरं कोणी बघा."



"बरं झालं," भावोजी म्हणाले. "फार बरं झालं." आणि मग, "मी काउंटर करून घेतला होता तिच्यासाठी. सुताराकडून. साधाच आहे, पण लांबरुंद. खिडकीपाशी ठेवलाय, उजेड चांगला येतो. पिवळा रंग दिलाय, मीच दिला, दोन हात. आता त्यावर डबे ठेवेन."

वर्षभर मी या माणसावर दात धरून होते. मला वाटायचं, हा पोरीच्या नापास होण्याची वाट बघतोय. तो ती घरी येण्याची वाट बघत होता. दोन्ही गोष्टी एकाच दारातून येणार होत्या, त्याला तो तरी काय करणार?

फोनचा आवाज मोठा असल्याने पाचरीने सगळं ऐकलं होतं. तिने तो माझ्या हातातून घेतला.

"बाबा, लांबी किती आहे काउंटरची? मी त्यावर आडवी झोपले तर मावेन?"

"मावशील की. वर हातभर उरेल."

"मग डबे ठेवू नका. टेम्पोत घालून इकडे पाठवा. मला कापायला टेबल नाहीये, जमिनीवर वाकून पाठ मोडते. अजून एक वर्ष आहे."

माझ्या दोन खोल्यांत तो मावेल का, हे मला कोणी विचारलं नाही. मग भावोजींनी घसा साफ केला, आणि जेव्हा बोलले तेव्हा त्यांचा दुकानातला आवाज परत आला होता.

"पण तो बसून काम करायच्या उंचीचा आहे. तू उभ्याने कापणार ना? मग त्याचे पाय वाढवावे लागतील. असं कर, सरळ उभी राहा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंत किती भरतं ते मावशीला मोजायला सांग. मी धरतो फोन."

पाचर सरळ उभी राहिली. मी टेप घेऊन तिच्या पायाशी बसले. डोळे भरून आले की टेपवरचे आकडे दिसत नाहीत, त्यामुळे मला दोनदा मोजावं लागलं.